रत्नमालाच्या लग्नातलं सहाचं ऊन

पहूर,
दि. १९ मे १९९१

ती. सुकदेवभाऊंना धाकट्या अभिमनचा सप्रेम जय भीम.

पायाचं प्लास्टर निघालं का? वहिनींनी निदान ओट्यापर्यंत तरी जाऊ दिलं का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, उन्हाने तेवढं पार वाळवलं आहे.

माझ्या धाकट्या रत्नमालाच्या लग्नाला तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. (थोडक्यात लिहिणं मला कधी जमलं नाही, हे तुम्ही जाणताच.) थोरलीच्या लग्नात भर संध्याकाळी वीज गेली आणि आबांच्या शेवटच्या फोटोत नुसता फेटा आला, त्याचं वाईट मला अजून वाटतं. आता आईही थकली. म्हणून आपल्या प्रमिलाअक्काने पारोळ्याहून येतानाच ठरवलं होतं की या वेळी आईचा चेहरा फोटोत आलाच पाहिजे, आणि लग्न उघड्यावर, खळ्यात. "आपलाकडे मुहूर्त नही शे ना? मंग ऊन देखीसन लगीन लावूत," म्हणाली, आणि रोज वेगवेगळ्या वेळी आईला खळ्यात उभं करून तिचं तोंड न्याहाळू लागली. (आई शेवटी वैतागून म्हणाली, त्यापेक्षा माझंच लावून टाका.) सहाची वेळ पक्की झाली. तेव्हा ऊन मऊ होतं, सुरकुत्यासुद्धा छान दिसतात.

चूक पुढेच झाली. सहाला लावायचं तर पत्रिकेत चार छापायचे, ही आपली रीत. पण नवरदेवाकडचे भुसावळचे, निम्मे रेल्वेत! चार वाजायच्या आत वऱ्हाड दारात. ऊन रणरणतं, नवरीच्या पांढऱ्या साडीकडे बघवेना, आणि व्याही मला घड्याळ दाखवताहेत. लावून टाकू, असं मी म्हणणारच होतो, तेवढ्यात अक्काने मला बाजूला सारलं आणि व्याह्यांना हात जोडून सांगितलं की आमच्यात पाहुणा जेवल्याशिवाय लग्न लागत नाही. (अशी रीत आपल्यात कधी होती, भाऊ? मला तिथेच कळली.) मग वरणबट्टी, वांग्याची भाजी, आणि व्याह्यांच्या बट्टीवर तूप ती स्वतः ओतत होती, ते नको नको म्हणत असताना. थोड्याच वेळात अख्खं वऱ्हाड निंबाखाली आडवं झालं. बँडवालेही झोपले. व्याही घोरत होते, घड्याळ उशाशी. वेळ झाल्यावर अक्काने स्वतः ताशा बडवून सगळ्यांना उठवलं.

काय ऊन पडलं होतं, भाऊ! त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा समोर बसलेल्या आईचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. अक्का फोटोग्राफर रुपचंदच्या पाठीशी उभी राहून हात वर करकरून त्याला आईकडे वळवत होती. व्याही म्हणाले, या बाई रेल्वेत हव्या होत्या. अशी बहीण असल्याचा मला फार अभिमान वाटला.

वहिनींना जय भीम. पायाला जपा.

तुमचा,
अभिमन

ता. क. : फोटो कालच आले. आईचा सोबत पाठवतो. तोंडावर ऊन आल्यामुळे बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत, नवरदेवाचेसुद्धा. आई तेवढी सूर्यालाच दटावल्यासारखी बघते आहे.

आणखी एक ता. क. : खरं लिहायचं होतं ते हे. अक्का एकाही फोटोत नाही. सूर्य पाठीशी घेऊन उभी होती, त्यामुळे प्रत्येक फोटोत आईच्या पायापाशी तिची लांब सावली तेवढी आली आहे, हात वर केलेली. तिने फोटो पाहिले आणि उजेड मस्त शे, एवढंच म्हणाली. तुमच्या चि. उत्तमच्या लग्नाची वेळ ठरवायला ती धुळ्याला येणारच आहे, ठरवू द्या. पण फोटोच्या वेळी तिचा दंड धरून तिला आईशेजारी बसवा. माझं ती ऐकत नाही.