चोविसाव्या हिश्शाचा चिखल

मंगळवार, दुपार

आदरणीय विहीणबाईंना, सुनेच्या आईचा जेवढं वाकवतं तेवढं वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? माझे तुमच्यापेक्षा जास्त दुखतात, पण मी सांगत फिरत नाही. पत्र बघून छातीत धस्स होऊ देऊ नका, इथे सगळे धडधाकट आहेत. तुमचा बाळ (वय वर्षं सेहेचाळीस) वेळेवर जेवतो. माझी लेक वेळेवर चिडते. नात वसतिगृहातून रविवारी फोन करते, जेवलीस का विचारलं की "हो गं आजी" म्हणते आणि ठेवून देते. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर आमच्या घरात फोनवर बोललेलं तिन्ही खोल्यांत ऐकू जातं, आणि दुसरं म्हणजे पलीकडे तुम्ही असलात की मला तोंड उघडायला फट मिळत नाही. (राग मानू नका. मानलात तरी मध्ये तोंड घालता येणार नाही, पत्राचा हाच फायदा.) खालच्या मजल्यावरचा शिंपी उद्या सकाळी तुमच्याकडे निघालाय, त्याच्या हाती देते. पाकीट नीट चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर त्याच्याकडे रोखून बघा, बाकी तो स्वतःच बोलेल.

तर खुशाली. बाळाला प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्या जुळवायचा नाद आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्याचा पसारा ठाऊक नाही. खोक्यातून गाडी येत नाही, कंगव्यासारख्या चौकटी येतात आणि त्यांना गाडीचे अवयव लोंबत असतात, कुठे दार, कुठे स्टिअरिंग. एकेक तोडायचा, कड घासायची, रंगवायचा, चिकटवायचा. सोबत एक कागद येतो, त्यावर एक वाक्य नाही, नुसती चित्रं आणि आकडे. मी तिसरी दोनदा केली आणि तिथेच मास्तरांना मोकळं केलं, पण तो कागद मी जावयाइतकाच वाचते. दिवसभर हा माणूस लोकांच्या कवळ्या बनवतो आणि संध्याकाळी तसल्याच कानशी घेऊन गाड्यांच्या मागे लागतो. टेबल नातीच्या खोलीत, माझी खाटही तिथेच. माझे चिमटे गाडीचे बंपर धरून बसतात आणि माझे धुतलेले कपडे वाऱ्यावर शेजाऱ्यांकडे जातात.

ह्या वेळची गाडी मात्र वेगळी. आमचे व्याही, म्हणजे तुमचे यजमान, बेकरीची जी गाडी चालवायचे, ती. तसं खोकं बाजारात मिळत नाही (मिळतं तर त्याने घेतलं नसतं, सोपं काम त्याला पचत नाही). म्हणून साध्या प्रवासी गाडीचं खोकं आणून तिच्या मागच्या खिडक्या बुजवल्या, छप्पर कापून दोन सूत वर चढवलं, चाकं दुसऱ्याच गाडीची लावली, आणि बाजूला बेकरीचं नाव इतकं बारीक लिहिलं की मला भिंग घ्यावं लागलं. सगळं त्या एकुलत्या एका फोटोवरून, ज्यात व्याही बोनेटवर कोपर टेकून उभे आहेत. (मागच्या खेपेला तोच फोटो बघून तुम्ही म्हणालात की बेचाळीस वर्षांत ह्या माणसाने माझ्यासाठी काडी हलवली नाही. मी गप्प बसले, कारण आमच्या घरच्याने हलवलेल्या काड्या मोजायला मलाही एका हाताची बोटं उरली असती.) ही गाडी शनिवारी प्रदर्शनात मांडायची आहे. जो माणूस स्वतःच्या लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभा राहिला, त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून कुठेतरी नाव दिलंय. हे ध्यानात ठेवा.

मध्यंतरी बारा दिवस मी माझ्या बहिणीकडे होते. निघाले तेव्हा गाडी पांढरीशुभ्र, आरशासारखी. काल परत आले, घरात कोणी नव्हतं, सहज म्हणून खोक्याचं झाकण उचललं आणि बघते तर काय, गाडी चिखलाने बरबटलेली! चाकांवर माती, दारावर ओघळ, काचा धुरकट. झाकणाखाली ही दशा, तर झाकण नसलेल्या घराची काय असेल? बारा दिवस मी नव्हते तर लेकीने घराचा उकिरडा केला, असं मी धरून चालले. एका काचेवर मसुरीच्या दाण्याएवढा गोल तेवढा स्वच्छ होता. म्हणजे कोणीतरी पुसायला घेतलं आणि कंटाळून सोडून दिलं! ते बघून तर माझं डोकंच फिरलं. विहीणबाई, मी बसच्या डेपोत सव्वीस वर्षं गाड्या धुतल्यात. मळकी गाडी समोर आली की माझे हात मला विचारत नाहीत. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना दात घासायचा ब्रश. पाच मिनिटांत गाडी नवरीसारखी झाली. रंग शाबूत, अक्षरं शाबूत. फक्त एका बाजूचा आरसा निखळला आणि मोरीच्या जाळीतून जिथे जायचा तिथे गेला. एवढ्याशा आरशाचं काय, म्हटलं, आणि गाडी झाकून ठेवली. खोटं कशाला बोलू, शाबासकीची वाट बघत होते.

संध्याकाळी चहा पिताना बाळ लेकीला म्हणाला, "माती काय झकास बसलीय गं. अकरा संध्याकाळी गेल्या, पण आता गाडी खरंच चाललेली वाटते."

"मग आता छेडू नकोस तिला," लेक म्हणाली.

"नाही ना. बुधवारी रजा टाकलीय. वरून पक्कं करायचं पाणी फवारलं की झालं. मग कोणी धुतली तरी काही जाणार नाही."

माझा चहा नाकात गेला. "आई, काय झालं?" म्हणाला. म्हटलं, गरम आहे. चहा केव्हाच गार झाला होता.

म्हणजे ती घाण नव्हती, ते काम होतं! माणूस आधी तीन हात रंग देऊन गाडी चकचकीत करतो आणि मग अकरा संध्याकाळी बसून तिला घाण करतो, हे माझ्या सव्वीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं, तो काय खाणार आहे? तीच तर अडचण. लेक असती तर दोन तास भांडली असती आणि मोकळी झाली असती. हा काहीच बोलणार नाही. "असू दे आई" म्हणेल, गाडी खोक्यात घालेल, शनिवारी घरीच बसेल आणि पुन्हा कुठे नाव देणार नाही. मी चार वर्षं जावयाच्या घरात राहते. आल्याच्या दिवशी त्याने आपलं टेबल भिंतीला सरकवून माझ्या खाटेला जागा केली, आणि तेव्हापासून मला एकदाही जाणवू दिलं नाही की इथे पूर्वी टेबल होतं. त्या माणसाचं "असू दे" ऐकायची माझी तयारी नाही. ओरडणारी माणसं मी खूप पचवलीत.

म्हणून आज सकाळी दोघं कामावर गेल्या गेल्या मी घाण करायला बसले. (वाचताना हसू नका, मला घाम फुटला होता.) कुंडीतली माती वाळवली, चहाच्या गाळणीने गाळली, पाण्यात कालवून लावली. गाडी डबक्यातून उठलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली. मग डोक्यात प्रकाश पडला: गाडी खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची आहे, तर तिला चिखलही चोविसाव्या हिश्शाचाच लागणार. आपल्याला जो मातीचा कण वाटतो, तो त्या गाडीला धोंडा. पुन्हा धुतली. माती खलात घोटली, जुन्या पायमोज्यातून झटकली, तरी तांबूसपणा येईना, तेव्हा लेकीची डोळ्यांना लावायची तपकिरी पावडर घेतली. अर्धी संपली. विचारलं तर मी डोळे रंगवले म्हणून सांगणार आहे, बसू दे विचार करत.

चिखल कसा उडतो ते मात्र मला शिकवायला नको. चाकामागे पंख्यासारखा पसरतो, दाराच्या मुठीखाली ओघळतो, पाठीमागच्या दारावर सगळ्यात जास्त, कारण गाडी आपलीच धूळ ओढून घेते. ते सगळं जिथल्या तिथे लावलं. आरशासाठी चौकट धुंडाळली, तिथे जादा आरसे शिल्लक होते. कागद बघून सत्तेचाळीस नंबरचा उचलला आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवला. आरसा चिकटला, आणि माझा अंगठा बोटाला चिकटला. तासभर चिमूट धरून घरभर फिरले. शेवटी लेकीच्या नखांचा रंग काढायच्या पाण्याने सुटला. गाळणी घासून जागेवर ठेवली, टेबल पुसलं, आणि आता झाकणाकडे बघत बसलेय. हृदय असं धडधडतंय की शिंपी वर येऊन मशीन चालवतो आहे असं वाटावं. बाकी इकडे सगळं क्षेम.

थोरामोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना धाक. माझी आठवण ठेवा, पण चांगली तेवढीच.

तुमची विहीण

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. तो काचेवरचा स्वच्छ गोल. कोणी कंटाळून सोडलेला नव्हता, बाळाने मुद्दाम ठेवलेला असणार. एवढ्या चिखलात ज्याने तेवढी एक जागा राखली, तो झाकण उचलल्यावर आधी तिथेच बघणार. आणि तो डाव्या दाराच्या काचेवर होता की उजव्या, हे मला काही केल्या आठवत नाही. फोटोत काचा दिसत नाहीत. त्या गाडीत बसलेलं आणि मला गुपचूप विचारता येईल असं माणूस आता तुम्हीच. तेव्हा पत्र हाती पडल्याबरोबर फोन करा आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करा. काच डावी असेल तर "डावा गुडघा कसा आहे" विचारा, उजवी असेल तर उजवा. दोन्ही विचारू नका. पत्र ह्याचसाठी लिहिलं, खुशाली वगैरे वरचं.

ता. क. दुसरा, मंगळवार, दिवेलागणीला. गुडघा राहू द्या. बुधवारची वाट न बघता त्याने आजच झाकण उचललं. आधी चहा प्याला. दोन घोटांनंतर त्याचा जबडा थांबला, मग सावकाश हलला, मग पुन्हा थांबला. दातांच्या धंद्यातला माणूस, दाताखाली काय आलं ते त्याला कळत नसेल? पण कप रिकामा केला. मी खाटेवर एकच टॉवेल चार वेळा घडी करत होते. त्याने गाडी दिव्याखाली धरली, फिरवली, मागचं दार बराच वेळ बघितलं. मग कापसाची काडी जिभेवर ओली केली आणि डाव्या काचेवर बारकासा गोल पुसला. मला राहवलं नाही, विचारलं, ते काय रे? म्हणाला, "आईची काच. बाबा तिला सकाळी कामावर सोडायचे ना. अख्खी गाडी धुवायचा त्यांना कंटाळा, पण निघताना तेवढी काच रोज पुसायचे, शर्टाच्या बाहीने. ती खाली यायच्या आत. तिला बाहेरचं दिसायला पाहिजे म्हणून."

तर विहीणबाई, काडी हलवली नसेल, पण बाही हलवली. तुमचं म्हणणं तेवढं सुधारून घ्या.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, बुधवार सकाळ, शिंपी दारात उभा आहे. बाळ दूध आणायला गेला आणि दोन नव्या गाळण्या घेऊन आला. एकीला लाल दोरा बांधलाय. "बिनदोऱ्याची चहाची, लाल दोऱ्याची मातीची," एवढंच म्हणाला आणि टेबलाशी एकाऐवजी दोन खुर्च्या मांडल्या. आरसा सत्तेचाळीस नंबरचा नको, एकोणपन्नासचा हवा होता म्हणे. (कागदाबद्दल मी वर जे लिहिलंय ते वाचू नका.) आता तो पक्कं करायचं पाणी फवारतोय आणि मागच्या दाराला हात लावणार नाही म्हणतो, ते जमलंय.

पत्र तरीही धाडते, कारण खरं काम आत्ता कळलं. प्रदर्शन झालं की गाडी तुम्हाला मिळणार आहे, पंच्याहत्तरीला. हे गुपित आहे. खोकं उघडाल तेव्हा तोंडावर हात न्या, तुम्हाला ते छान जमतं. आणि मागच्या खेपेला तुम्ही आमच्या फडताळावरून बोट फिरवून बघितलंत, ते मी दारातून पाहिलं होतं. तुमचा-माझा हात एकाच जातीचा आहे, म्हणून पाया पडून सांगते: पाणी फवारून पक्की केली असली तरी गाडी पुसू नका. पाहुण्यांनी नाकं मुरडली तरी नाही. फारच हात शिवशिवले तर ती डावी काच तेवढी पुसा, बाहीने. साबण लावाल तर खबरदार.