फणसवाडीच्या गॅलरीतलं इंग्रजी

लालबाग,
बुधवार

प्रिय श्यामकांत,

पत्र मराठीत लिहितोय म्हणून नाराज होऊ नकोस. इंग्रजीतच लिहायला बसलो होतो. 'माय डिअर'पर्यंत गेलो आणि पुढे 'आय होप यू आर वेल' लिहावं की नाही यात अडकलो. तू बरा नाहीस हे मला माहीत आहे, मग होप कशाची करायची? शेवटी तो कागद फाडला. मराठीत चुकलो तर तू फक्त ऱ्हस्व-दीर्घ काढशील, ते मी सोसेन.

क्षितिजा म्हणाली, तुला वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. तिला ते चांगलं वाटलं, मला तेव्हापासून घोर लागला आहे. परळच्या त्या रस्त्यावरून दिवसभर धूळ येते. मफलर गळ्याला गुंडाळून ठेव. डबा क्षितिजा आणते तोच खा, शेजारच्या खाटेवरून कुणी लोणचं दिलं तर घेऊ नकोस. तू घेशील, मला माहीत आहे.

डॉक्टरांना शुक्रवारी उत्तर हवं आहे आणि तू ऑपरेशनला नाही म्हणून बसला आहेस. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्र काढावं लागेल, नाही काढलं तर ती पसरेल, एवढं मला क्षितिजानं समजेल असं सांगितलं. शनिवारी ती आमच्याकडे आली होती. रखमानं घावणे केले, तुझ्या नातीनं एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. म्हणाली, धोंडूआजोबा, तुम्ही सांगा, ते तुमचं ऐकतील. मी म्हटलं, अगं, तो माझं ऐकत नाही म्हणून तर आमची भांडणं इतकी वर्षं टिकली. मग तिनं तुझं कारण सांगितलं. चुकीचं इंग्रजी कानावर पडणार आणि दुरुस्त करता येणार नाही, असलं जगणं मला नको, असं तू म्हणालास म्हणे. सांगताना ती हसली आणि मग रडायला लागली. रखमा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मी उगाच गॅस चालू राहिलाय का ते बघून आलो.

तुझा आवाज म्हणजे काय ते मला सांगायला नको. मिल बंद झाल्यावर फोर्टातल्या त्या सॉलिसिटरकडे मी शिपाई म्हणून लागलो तेव्हा तू हेडक्लार्क होतास. टाईप झालेला दस्त मुळाशी ताडून बघायचा असला की तू मला समोर बसवायचास. तू मूळ कागद मोठ्यानं वाचायचास, कॉमा, फुलस्टॉप, कॅपिटल सगळ्यासकट, आणि मी नकलेवर पट्टी सरकवत जायचो. रात्रशाळेत आठवीला सुटलेला माणूस मी, अर्थ कुठला कळायला? पण कुठे वाक्य वळतं, कुठे ते संपत आलंय, हे तुझ्या आवाजावरून कळायचं. माझं सगळं इंग्रजी मी असं कानानं घेतलं आहे. म्हणूनच ते अर्धं आहे, आणि म्हणूनच मला त्याचा हट्ट आहे.

निवृत्त झाल्यावर तू म्हणालास, आता साहेब म्हणायचं नाही, तू म्हणायचं. मला ते जमेना. 'तू' तोंडात यायचा आणि बाहेर पडताना 'तुम्ही' व्हायचा. ते जमलं ते फणसवाडीच्या तुझ्या गॅलरीत, भांडता भांडता. 'डिस्कस अबाउट' म्हणायचं नाही, असं तू सांगितलंस त्या दिवशी. मी म्हटलं, मराठीत 'बद्दल' लागतं, हिंदीत लागतं, मग साहेबाच्या भाषेतच ते कुठे गळून पडलं? तू म्हणालास, ते पोटात आहे. कुणाच्या पोटात? डिस्कसच्या. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, तू काय त्याचं पोट फाडून बघितलंस रे? आणि तू इतका खूश झालास की चहा पुन्हा सांगितलास.

मग आमच्या सोसायटीचं ते पत्र. इमारत पाडायच्या नोटिशीला उत्तर द्यायचं होतं आणि मी लिहून आणलं होतं, 'द कमिटी हॅव डिसायडेड'. तू 'हॅव'वर काट मारलीस. मी म्हटलं, आमच्या कमिटीतल्या प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, तिला 'हॅज' कसं लावू? तू म्हणालास, एका कागदावर सह्या करतात ना, मग ती एकच. मी म्हटलं, सह्या करतात त्याही एकमेकांना शिव्या देत. पुढच्या खेपेला तूच जाड पुस्तक उघडून दाखवलंस की विलायतेत दोन्ही चालतं. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. उलट धास्तीच वाटली. दोन्ही चालायला लागलं तर तुझ्याकडे यायचं कशासाठी?

आणि हे सगळं चालू असताना तू मध्येच मान न वळवता सांगायचास, यशोदे, डाव्या हाताला स्टूल आहे. यशोदे, दूध वर आलं. यशोदे, उंबऱ्याशी पाणी सांडलंय. वहिनींचे डोळे गेल्यापासून त्या तुझ्या बोलण्याला धरून घरात वावरतात. मी हे इतकं ऐकलं होतं की मला ते ऐकूच येईनासं झालं होतं.

शनिवारी क्षितिजा गेल्यावर मला चैन पडेना. तुला सांगायचं तरी काय? आवाजाशिवाय माणसाचं चालतं म्हणावं, तर मला काय ठाऊक? म्हणून रविवारी ठरवलं, उठल्यापासून एक शब्द बोलायचा नाही. रखमाला आदल्या दिवशीच सांगितलं. ती म्हणाली, बरा, माझ्या कानाक सुट्टी.

बाजारात गेलो. अंबिका कोळीण माझी कायमची. बांगड्यांकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, काय बाबा, आज मुका का? बायकोनं जीभ ठेवून घेतली काय? मी कागदावर 'डोकी काढून दे' असं लिहून पुढे धरलं, तर तिला वाचता येत नाही. तिनं शेजारणीला हाक मारली, तिनं वाचलं आणि माझ्याच डोक्याकडे बघून दोघी हसल्या. एवढं ठीक होतं. पण मुका माणूस म्हणजे बहिरा असंच सगळे धरतात. चहावाला माझ्या कानाशी येऊन ओरडला. बसस्टॉपवर एकानं मला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला, मला ओलांडायचाच नव्हता. घरी फोन वाजला तेव्हा मी त्याच्यासमोर हात जोडून बसलो. वाजून वाजून तो थांबला आणि नंतर जेवणात माझं लक्ष लागेना, कुणाचं काय झालं असेल म्हणून. तुला खोटं सांगणार नाही, श्यामकांत. सोपं नाही. पण एवढं मला निभवता आलं आणि तू माझ्यापेक्षा शहाणा आहेस, असं मी मनात जुळवत होतो.

संध्याकाळी मोरीत भांडं पडलं. त्यामागून रखमाच पडल्याचा आवाज आला. मी 'गो रखमा' म्हणून ओरडलो ते ओरडल्यावरच मला कळलं. तिला फार लागलं नाही, गुडघा खरचटला. आतून म्हणाली, उघडला एकदाचा तोंड. मी तिला उठवलं, हळद लावली आणि खाटेवर बसलो. तेव्हा मला तुझी गॅलरी दिसली. वहिनी पाण्यावरून चालल्या आहेत, तू बघतो आहेस, आणि तुझ्या घशातून काही निघत नाही. त्यांना तू कागदावर लिहून काय दाखवणार?

तुझ्या नाही म्हणण्याचं खरं कारण हे आहे. इंग्रजीचं कारण तू पोरीला हसवायला दिलंस. डॉक्टर म्हणतात पुढे यंत्रानं थोडं बोलता येईल, पण ते केव्हा आणि कसं, हे कुणी छातीठोक सांगत नाही. तोवर वहिनींचं काय, हे तू कुणाला विचारलं नाहीस, कारण त्यांच्या कानावर गेलं असतं.

काल मी फणसवाडीला गेलो. तुझ्या परवानगीशिवाय गेलो, रागाव. वहिनींना मी क्षितिजासमोरच सगळं बोललो. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, भावोजी, मला वाटलंच होतं. ह्यांना इंग्रजीचा एवढा पुळका असता तर माझ्याशी मराठीत लग्न केलं नसतं. मी त्यांना आमच्या मिलमधल्या साच्याच्या, म्हणजे मागांच्या, खात्याचं सांगितलं. तिथे साचे सुरू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. सगळी पाळी आम्ही बिनबोलता काढायचो. खांद्यावर एक थाप म्हणजे तुझ्या साच्यावर धागा तुटला, दोन म्हणजे जॉबर, आमचा मुकादम, आला, आणि तळहात पाठीवर दाबून धरला तर आहेस तिथेच थांब, पट्टा सुटलाय. नव्या माणसाला आठवड्याभरात ते अंगवळणी पडायचं. मग मी खुर्चीवर बसून सांगत गेलो आणि क्षितिजानं तोंड मिटून वहिनींवर ते करून बघितलं. उजव्या खांद्याला थाप, डाव्या खांद्याला थाप, लांब असलं तर टाळी, जोरात टाळी म्हणजे थांब. सुरुवातीला त्या दाराच्या चौकटीला धडकल्या. दुपार होईपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. मी मुद्दाम वाटेत स्टूल आणून ठेवलं होतं. क्षितिजानं टाळी दिली आणि त्या स्टुलाच्या अलीकडे थांबल्या.

हे पत्र लिहायचं माझ्या मनात नव्हतं. मी आज वॉर्डातच येणार होतो. पण वहिनी म्हणाल्या, तुम्ही समोर बसलात की ते वाद काढतील, तुमचं पहिलंच वाक्य दुरुस्त करतील आणि भेटीची वेळ संपेल. लिहा. मला लिहिता येत नाही म्हणून तुम्ही लिहा. तेव्हा श्यामकांत, हा निरोप माझा नाही, मी नुसता लिहून घेणारा आहे. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो, एकही शब्द बदलू नकोस: "डावं-उजवं मला हातानं कळतं, हे मी करून बघितलं आहे. तुमचं बोलणं मी जन्मभर पुरेल एवढं ऐकलं. मला आता तुमचा हात पाहिजे. शुक्रवारी हो म्हणा."

तुझाच,
धोंडू