माझ्या वाटचा घाम

आये,

आज वर्गात तुझी फार आठवण आली. धडा घामाचा होता. मी मुलांना सांगत होतो, की लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे केस विरळ होत गेले आणि अंगभर घाम सुटायला लागला. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून भर दुपारी बाकीची जनावरं धापा टाकत सावलीला बसायची, तेव्हा माणूस चालत राहायचा; हरीण थकून बसेपर्यंत त्याचा माग सोडायचा नाही, असं म्हणतात. "घाम नसता तर आपण इथवर आलोच नसतो," मी ऐटीत म्हणालो. पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्या पाण्याने भिजवलेल्या सदऱ्याकडे बघत म्हणाली, "सर, तुमाला तर घामच येत न्हाई. मंग तुमी कसं आलात?" वर्ग हसला, मीही हसलो.

मी पाच-सहा वर्षांचा असेन. शिनोलीच्या घरात, ऐन उन्हाळ्यात, अंग भाजत होतं. आपल्याकडे मेंढरं कमी होऊन शेती आली, तरी पोराला ताप आला की घोंगडीत गुंडाळून घाम काढायचा, ही रीत सुटली नव्हती. थोरल्या काकीने मला गुंडाळलं. घाम फुटेना, तेव्हा दुसरी घोंगडी आली. काकीचा माझ्यावर जीव. हे पोर घामाशिवायच जन्माला आलंय, हे तिला तरी काय ठाऊक? मला आठवतो तो लोकरीचा उग्र वास, आणि डोळ्यांपुढे येणारी अंधारी. तू रानातून येतेस, घोंगडीत हात घालतेस.

"कोरडं ठणठणीत हाय की पोर!"

"आजून थोडा दम धर. घाम आला की उतरंल."

"दम संपलाय त्याचा. सरका!"

मोटारीचं पाणी पाटाने कांद्याला चाललं होतं. त्या वाहत्या पाण्यात तू लुगड्यासकट बसलीस आणि मला मांडीवर घेऊन ओंजळीने पाणी ओतत राहिलीस. बायका म्हणत होत्या, तापात गार पाणी, मारती का काय पोराला! पण मी डोळे उघडून पाणी मागेपर्यंत तू उठली नाहीस.

पुढे घोडेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, की माझ्या कातडीत घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच, ऊन आत कोंडून राहतं. "गोळी हाय का यावर?" तू विचारलंस. नव्हती. घरी आल्यावर तू ओलं फडकं गुंडाळलेल्या माठाकडे बराच वेळ बघत बसलीस, आणि दुसऱ्या दिवशी माझा सदरा भिजवून, पिळून माझ्या अंगात घातलास. तेव्हापासून तेच चाललंय. तळेघरला मामाकडे जाताना एसटी चुकली की चालावं लागायचं, तेव्हा तू माझ्या उन्हाकडच्या बाजूने चालायचीस. मेंढरं दुपारची एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात, तसा मी तुझ्या सावलीला. तुझ्या कपाळावरून धारा लागलेल्या असायच्या.

"आये, तुला येवढा घाम का येतो?"

"तुझ्या वाटचा बी मलाच येतो की रं," असं म्हणून पदराने तोंड पुसायचीस. मला ते अगदी खरं वाटायचं.

मी शिकलो, नोकरीला लागलो, उन्हाळ्यामागून उन्हाळे काढले. हे सगळं तुझ्यामुळे, आणि तू होतीस तेव्हा ते बोलून दाखवायचं कधी सुचलं नाही. त्या मुलीला आज मी एवढंच म्हणालो, "माझ्या आईने आणलं मला इथवर." आणि फळा पुसायला वळलो.

ही चिठ्ठी मी टाकणार तरी कुठे? घडी करून ठेवून देतो. एकाच्या घामाने दुसऱ्याचं अंग गार होत नाही, हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो. पण तुला म्हणून सांगतो, आये, तुझं ते म्हणणं मी अजूनही खरं मानतो.