बायोडाट्यातली माझी तीन वर्षं

चष्म्याचं दुकान,
ता. ४ मार्च

चि. टिल्लूस अक्काचे अ. उ. आ. (सवयीने लिहिले गेले. मनापासून देण्याची आज तयारी नाही.)

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू मला बोलण्यात गुंडाळतोस. कागदावर लिही, म्हणजे काय लिहिलंस ते मला दोनदा वाचता येईल.

तुला जिथे नोकरी हवी आहे त्या कंपनीकडून आज दुकानाच्या मालकांच्या नावे पाकीट आलं. बाबांच्या थरथरत्या हातांनी ते फुटेना, म्हणून मी फोडलं. आत तुझा बायोडाटा आणि एक फॉर्म. अर्जदाराने आपल्या दुकानात तीन वर्षं काम केल्याचं लिहिलं आहे, ते खरं आहे का, हे पंधरा दिवसांत सही-शिक्क्यानिशी कळवायचं आहे.

बायोडाटा उभ्या उभ्या वाचला. गिऱ्हाइकांच्या नंबरांची कार्डं ठेवायची पद्धत म्हणे तू सुरू केलीस. चष्मा हातात देण्याआधी गिऱ्हाइकाकडून बारीक अक्षरं मोठ्याने वाचून घ्यायची, हेही तुझंच डोकं. त्यामुळे परत येणारे चष्मे दिवसाला चारवरून महिन्याला चारवर आले. शिवाय लेन्स घासणं, फ्रेममध्ये बसवणं, सगळं एकहाती! वा रे पठ्ठ्या! बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा तू बारावीत होतास आणि नंतर थेट हॉस्टेलवर गेलास. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातून नाव काढून स्टुलावर बसले ती मी. माझ्या बोटांना अजून घासपट्टीचे घट्टे आहेत, येऊन बघ.

आणि चारवरून चार हा आकडा तुला कुठून मिळाला, तेही मला कळलं. मीच लिहिला होता, गेल्या वर्षीच्या पत्रात, फुशारकी मारत. तू माझी सगळी पत्रं खोक्यात जपून ठेवतोस असं आई म्हणाली, तेव्हा मी दिवसभर खुशीत होते. मला काय ठाऊक तू त्यातून माल उचलतो आहेस!

आईचं म्हणणं, सही करून टाक, पाठचा भाऊ आहे. बाबांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. दहा दिवस थांबते. काय बोलायचं ते बोल.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

अक्का

*

हॉस्टेल,
ता. ८ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हो, उचललं तुझ्या पत्रांतून. आता ऐक का ते.

नोकऱ्यांचं बघणाऱ्या आमच्या सरांनी माझा पहिला बायोडाटा सगळ्या वर्गासमोर दोन बोटांत धरून हलवला. कागद अर्धा कोरा होता. तीन वर्षं झोपला होतास का, असं विचारलं, आणि अख्खा वर्ग खिदळला. ‘मेहनती’ आणि ‘प्रामाणिक’ हे शब्द त्यांनी लाल रेघ मारून खोडले. म्हणाले, हे तर सगळेच लिहितात, तू प्रत्यक्ष काय केलंस ते लिही, आकडा टाकून लिही.

मी काय केलं होतं? तू मला काही करू दिलंस? एकदा, फक्त एकदा, माझ्या हातून लेन्स फुटली. त्या दिवसापासून मी काउंटरच्या आत पाऊल टाकलं की तुझ्या कपाळाला आठी. तीन वर्षं तू त्यागाची मूर्ती होऊन उभी आहेस आणि आम्ही सगळ्यांनी तुझ्यापुढे हात जोडायचे. कॉलेज सोड म्हणून तुझ्या पाया कोण पडलं होतं?

एका सहीने तुझं काय जातं? तुला थोडंच कुठे अर्ज करायचाय! तुझी ती तीन वर्षं नाहीतरी ड्रॉवरमध्ये पडूनच राहणार. माझ्या तरी कामाला येऊ देत.

बाबांना नमस्कार. कळावे.

टिल्लू

*

चष्म्याचं दुकान,
ता. १५ मार्च

चि. टिल्लूस अ. आ. (उत्तम हा शब्द मुद्दाम गाळला आहे.)

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त लागलं.

एक गोष्ट कबूल करते. त्या आठवड्यात तुझ्याआधी दोन लेन्स माझ्या हातून फुटल्या होत्या आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवी नवी होते, घाबरलेली होते. राग स्वतःचा होता, काढला तुझ्यावर. त्यानंतर तुला लेन्सला हात लावू दिला नाही, ही माझी चूक.

पण तुझ्याकडे लिहायला काही नव्हतं, हे मात्र साफ खोटं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत अकराशे कार्डं कुणी लिहिली? जुन्या वह्यांमधले बाबांचे वेडेवाकडे आकडे लावत, नाव, डावा डोळा, उजवा डोळा, तारीख. पाठ आखडली म्हणून रोज कुरकुरलास, पण अकराशेंत एक चूक नाही. मी आजवर शोधते आहे, सापडली नाही. तेवढी एक ओळ लिहिली असतीस तर मी दोन वेळा शिक्का मारला असता. ते सोडून माझं उचलायला गेलास, बुद्दू.

फॉर्म भरून काल टपालात टाकला. लिहिलं ते असं: ‘बायोडाट्यात लिहिलेले काम यांनी केलेले नाही, ते त्यांच्या मोठ्या बहिणीने केले. यांनी सुट्टीत अकराशे कार्डे लिहिली. अक्षर स्वच्छ, चूक शून्य.’ सही बाबांनी केली. दोनदा हात घसरला, पण दुसऱ्या कुणाला करू दिली नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. तूही बोलणार नाहीस. चालेल.

अक्का

*

हॉस्टेल,
ता. २९ मार्च

अक्का,

त्यांनी बोलावलं. टेबलापलीकडच्या बाईंनी बाबांची सही असलेला कागद माझ्यासमोर ठेवला आणि यावर काही म्हणायचं आहे का, असं विचारलं. मी काय म्हणणार, कपाळ? खोटं लिहिणाऱ्याला घेत नाही, एवढं सांगून त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली. सरांना कळलं, वर्गाला कळलं.

तुझं समाधान झालं असेल. पत्रांचं खोकं मी कचऱ्यात टाकतो आहे. लोभ वगैरे काही नसावा.

*

चष्म्याचं दुकान,
ता. २० एप्रिल

चि. टिल्लूस अ. उ. आ.

समाधान झालं नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तो फॉर्म पुन्हा आला तर पुन्हा तेच लिहीन.

मला थोडंच कुठे अर्ज करायचाय, असं तू लिहिलं होतंस. ते वाक्य डोक्यातून जाईना. पुलापलीकडे लेन्सचा कारखाना आहे, तिथे तपासणीच्या कामाला माणूस हवा आहे. पदवी नसली तरी तीन वर्षांचा अनुभव चालतो. पाळी सकाळची, दुपारून दुकान मी उघडीन. बाबा तयार आहेत.

मी अर्ज केला. बायोडाट्याची नक्कल सोबत जोडते, सांभाळून हस. अनुभव खरा आहे हे सांगणाऱ्या माणसाचं नाव द्यायचं होतं. बाबांचं बोलणं फोनवर अडखळतं, आईला कामातलं कळत नाही. मी तुझं दिलं. पुढे ‘नाते: भाऊ’ असंही लिहिलं, मी काही लपवलेलं नाही. गुरुवारी ते तुला फोन करतील.

ही नोकरी मला हवी आहे, टिल्लू. आजवर काही इतकं हवं झालं नव्हतं. तू रागाच्या भरात काय सांगशील ते सांगशील, मी अडवू शकत नाही. पत्रं टाकली नसतीस तर बरं झालं असतं, एवढंच वाटतं.

अक्का

*

हॉस्टेल,
ता. २६ एप्रिल

ती. अक्कास सा. न.

राग गेलेला नाही, आधीच सांगतो. वर्गात अजून मला ‘अनुभवी’ म्हणतात.

तुझा बायोडाटा भिकार आहे. चार ओळी! ‘वडिलांच्या दुकानात मदत करते. मेहनती व प्रामाणिक.’ मदत? आमच्या सरांनी त्याचं विमान करून उडवलं असतं. तीन वर्षं दुकान डोक्यावर घेतलंस आणि लिहिताना हात आखडला?

गुरुवारी फोन आला. माणूस कंटाळलेला होता. तुमच्या बहिणीने दुकानात मदत केली हे खरं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही, हे खरं नाही. मग मी त्याला जरा थांबायला सांगितलं आणि पलंगाखालचं खोकं ओढलं. त्यात तुझ्या पत्रांवर माझा तो बायोडाटा होता. कार्डांची पद्धत, बारीक अक्षरं, चारवरून चार, लेन्स, सगळं सावकाश वाचून दाखवलं, त्याने लिहून घेतलं.

एक अक्षर बदललं नाही. फक्त वरचं नाव बदललं.

टिल्लू