एका पक्षाचे दोन कोपरे

मी, आर्लीन व्होंड्राचेक, कै. लुमीर यांची पत्नी, वय ८१, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, गेली सव्वीस वर्षे आपल्या पक्षाची काउंटी अध्यक्ष, राहणार वॉलनट फोर्ड, आयोवा, हे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांच्यामुळे हे असे लिहायची वेळ आली, त्यांच्या डोक्याबद्दल दाखला द्यायला कोणी तयार नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. वैताग भरपूर आहे, पण वैतागामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही असे वकील क्विस्ट सांगतात. याआधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

कलम १. डॉक्टरांनी मला सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली आहे. निवडणूक नोव्हेंबरात आहे. मागच्या खेपेला आमची विधानसभेची जागा आम्ही एकोणीस मतांनी जिंकली, हे वाचणाऱ्याने पुढचे सगळे वाचताना ध्यानात ठेवावे.

कलम २. राहते घर विकावे आणि येईल ते शाळेच्या स्वयंपाकघराला द्यावे. अट एकच. खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमचे सारण भरलेले गोड पाव, तिथेच भाजावेत. गोठवलेले खोक्यातून आणून मुलांच्या ताटात टाकणाऱ्यांना माझा एक सेंटही मिळू नये.

कलम ३. लुमीरची सुतारकामाची हत्यारे या मृत्युपत्रात येत नाहीत. आमचा शेजारी आणि पक्षाचा उपाध्यक्ष मर्ल टेसार याने ती बारा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली होती. ती आज मी त्याला बक्षीस दिली, म्हणजे परत मागायचे माझे श्रम वाचले. लुमीरची पुतणी जोलीन हिला मोटार आणि माझ्या आईची शिवणाची पेटी आधीच दिली आहे. दोघांना हयातीतच का दिले, ते कलम ६ मध्ये कळेल.

कलम ४. पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या जानेवारीतल्या सभेबद्दल एकदाच आणि शेवटचे लिहिते. आमची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या व्यायामशाळेत ज्याने त्याने आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि अध्यक्षाने डोकी मोजायची. गव्हर्नर हॅस्केल यांचा कोपरा जोलीनने धरला होता, सिनेटर ब्रँडवोल्ड यांचा मर्लने. शेवटच्या मोजणीत दोन्हीकडे चौऱ्याहत्तर भरले. नियमाप्रमाणे नाणे उडवले, हॅस्केल जिंकले. घरी येऊन बूट काढताना माझ्या लक्षात आले की मी स्वतःला मोजलेच नाही. अध्यक्षालाही कोपरा निवडायचा हक्क असतो. सव्वीस वर्षे लोकांची डोकी मोजली आणि या खेपेला आपलेच डोके विसरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

चूक लपवायची नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावून सांगितली. तिथेच चुकले. मर्ल म्हणाला, "तू आमच्यात उभी राहिली असतीस तर नाणं उडवायची पाळीच आली नसती. चाळीस वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहतोय आपण, मला कळत नाही होय?" जोलीन म्हणाली, "काकू, तू आमचीच होतीस. सांगून टाक आणि याचं तोंड बंद कर." तेव्हापासून पाच महिने दोघांनी मला हेच विचारून भंडावले आहे. तर लिहून ठेवते. पहिल्या फेरीत भिंतीजवळ एक तिसरा कोपरा होता, नऊ माणसांचा. संख्या कमी पडली म्हणून तो मोडला. मी त्यात उभी राहिले असते, आणि तो मोडल्यावर सरळ घरी गेले असते, कारण माझे पाय दुखत होते. आता दोघांनी समाधानी व्हावे.

कलम ५. वर, देशपातळीवर, शर्यत संपली. हॅस्केल यांना उमेदवारी मिळाली. ब्रँडवोल्ड यांनी स्वतः व्यासपीठावर जाऊन त्यांचा हात उंचावला, दोघे हसले, फोटो निघाले. नवरा-नवरी सुखाने घरी गेली आणि आमच्या मांडवात व्याही अजून भांडताहेत. सभेला कॉफीची दोन भांडी येतात, आणि एका बाजूची कॉफी दुसरी बाजू पीत नाही. जोलीनने पक्षाच्या कचेरीचे कुलूप बदलले. मर्लने हॅस्केल यांच्या प्रचाराच्या पाट्या अंगणात लावायला नकार दिला आणि मतदानाच्या दिवशी मासे धरायला जाणार असे गावभर सांगितले. त्याच्यामागे किमान पन्नास माणसे जातील. विधानसभेची जागा जाईल. चिडलेल्या माणसाला एकोणीस हा आकडा समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. मला याचा संताप येतो, आणि संतापाखाली भीती आहे, तीही लिहून ठेवते.

कलम ६. मेन स्ट्रीटवरची कचेरीची इमारत, म्हणजे लुमीरचे जुने बुटांचे दुकान, माझ्या मालकीची आहे. ती दोघांना हवी आहे. जोलीन लुमीरच्या रक्ताची म्हणून मागते. मर्ल मागतो, कारण छप्पर त्याने स्वतः घातले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये आणि दोन साक्षीदारांनी एकमेकांसमोर बसून सही करावी, असे क्विस्ट यांनी सांगितले. कायद्यात इतके शहाणपण असेल असे मला वाटले नव्हते. मी दोघांना स्पष्ट निरोप पाठवला: शनिवारी सकाळी दहाला साक्षीदार म्हणून या. दोघे आलात, तर इमारत पक्षाला जाईल आणि तुम्हां दोघांनाही काही मिळणार नाही. दोघांपैकी एक जरी आला नाही, तर ती विकून टाकेन आणि पक्षाने कुठेही बसावे.

आज शनिवार. जोलीन दहाला आली. मर्ल सव्वादहाला आला, दारातच उभा राहिला. मी क्विस्ट यांना खुर्ची सरकवायला सांगितली. तो बसला. तेव्हा इमारत मी काउंटी पक्षाला देत आहे. किल्ल्या दोन कराव्यात.

कलम ७. हे कलम दोघे समोर बसलेले असताना लिहीत आहे. माझी शवपेटी उचलायला सहा माणसे लागतील. दोन्ही कोपऱ्यांनी आपापली सहा नावे मला कळवली होती. मी मेल्यावरही मोजणी चुकणार नाही इतकी काळजी घेतली म्हणायची. दोन्ही याद्या मी त्यांच्यासमोर फाडल्या. मग मर्ल जमिनीकडे बघत म्हणाला, "पुढची डावी बाजू मी धरतो."

जोलीन म्हणाली, "मग उजवी माझी."

"तू माझ्यापेक्षा फूटभर बुटकी आहेस. पेटी कलेल."

"कलली तर कलली. तू वाक जरा."

तसेच करावे. मागचे चौघे या दोघांनी मिळून निवडावेत. मी काही हलकी बाई नाही, आणि रस्ता चढाचा आहे. पेटी कलली तर कलू द्यावी. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारपर्यंत हात मात्र कोणी सोडू नये.

सही: आर्लीन व्होंड्राचेक

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली आहे, आणि आमच्या सह्या आम्ही दोघांनी एकमेकांसमोर केल्या आहेत.

साक्षीदार १: जोलीन व्होंड्राचेक
साक्षीदार २: मर्ल टेसार

स्थळ: वॉलनट फोर्ड, आयोवा
दिनांक: १४ जून, शनिवार, निवडणुकीचे वर्ष