सुयुंचूचं कडं

तालायदादा,

रशियात कामाला गेलास, त्याला चार वर्षं झाली. पत्ता कळवला नाहीस, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहणार.

आईने अन्न सोडलं होतं. मला बघवेना. दारातूनच हसत ओरडले, “सुयुंचू, आई! दादा येतोय!”

आनंदाची बातमी आणणाऱ्याला सुयुंचू, म्हणजे भेट, द्यायचीच, म्हणून तिने लगेच हातातलं चांदीचं कडं काढलं. “घे गं! आणि आधी मला नान वाढ.”

ती जेवली. तेव्हापासून रोज फाटकाशी बसते.

काल मी कडं परत केलं, खोटं बोलल्याचं कबूल केलं. ती म्हणाली, “तेव्हाच कळलं होतं, वेडे. किती दिवसांनी हसलीस, म्हणून दिलं.”

मग फाटकाशी का बसतेस, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तुझी,
आयझिरेक