स्कॅनर आणायला सांगलीला

मामंजी,

आज एक विक्रेता गाडीतला बिघाड सांगणारा नवा स्कॅनर घेऊन गॅरेजात आला होता. मोठा रंगीत पडदा, वायरसुद्धा नाही. तो भराभरा गुण सांगायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "तोंडानं नको, गाडीला लावून दाखवा." आणि मलाच हसू फुटलं, कारण ते वाक्य माझं नव्हे, तुमचं. तो गेल्यावर तुमच्याशी बोलावंसं वाटलं. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही हे ठाऊक आहे, तरी लिहायला बसले.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या आपल्याकडे कुठं कुठं दिसू लागल्या होत्या. फलटणचे डॉक्टर, तुमचं जुनं गिऱ्हाईक, नवीकोरी गाडी घेऊन निघाले आणि ती झटके देत देत लोणंदला, बरोबर आपल्या दारात बंद पडली. तुम्ही बॉनेट उघडता, सवयीनं हात कार्बोरेटरकडे जातो, आणि तिथं कार्बोरेटरच नाही. आत मीटरमध्ये पिवळा दिवा तेवढा पेटलेला. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारे तुम्ही तासभर त्या गाडीभोवती फिरलात. शेवटी ती टोचन लावून पुण्याला गेली. त्या दुपारी तुम्ही जेवायला आलात ते हात न धुताच पायरीवर बसलात आणि सासूबाईंना म्हणालात, "आता गॅरेज बंद करावं म्हंतो. जागा शिमिटाच्या गोडाऊनला देऊ. ह्या गाड्या आपल्या न्हाईत." तुमचा मुलगा फौजेत, त्याचा जीव कधीच नट-बोल्टात रमला नाही. तुमच्यामागं गॅरेज कोण बघणार, हा प्रश्न घरात आधीपासून होताच.

मी चुलीपाशी भाकरी थापत होते. सांगलीची पोर, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा ट्रंकेत ठेवून सासरी आलेली. तोवर तुमच्याशी माझं बोलणं म्हणजे "जेवायला वाढू का" एवढंच. पण त्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, "मामंजी, त्या गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. काही बिघडलं की तो लक्षात ठेवतो. त्याला विचारायचं यंत्र मिळतं."

"इचारायचं म्हंजे? त्यो बोलतोय व्हय?"

"बोलतो. त्याची भाषा कळली पाहिजे."

"तुला कळंल?"

"कळेल," मी म्हटलं. पिठाचे हात तसेच. तुम्ही पायरीवरून उठलात आणि म्हणालात, "मग चल की सांगलीला. तुझं म्हायेर हाय, दुकानं तुला ठावं असतील."

पॅसेंजरमध्ये तुम्ही खिडकी सोडून माझ्यासमोर बसलात. सातारा गेलं, रहिमतपूर गेलं, कराड आलं, तरी तुमचे प्रश्न संपेनात. सेन्सर म्हंजे काय, त्याला करंट किती, तो गरम झाला तर काय. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला माझ्या विषयातलं विचारत होतं, आणि मी डब्यातल्या माणसांची पर्वा न करता हातवारे करून सांगत होते.

दुकानदारानं तीन यंत्रं मांडली. पहिलं परदेशी, सुटकेसमधलं. "जगातल्या सगळ्या गाड्या वाचतं," तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, "जगातल्या ऱ्हाऊ द्या शेट. फलटण रोडवरच्या वाचतंय का, त्ये सांगा. आन् तोंडानं नको, गाडीला लावून दावा." त्याची स्वतःची नवी गाडी दाराशी उभी होती. बॉनेट उघडून ठेवून किल्ली आणायला तो आत वळला, तशी तुम्ही बॉनेटमध्ये वाकून हळूच मला विचारलंत, "ह्यातली कुठली पिन काढली तर कॉम्प्युटर कावरंबावरं हुईल?" मी कुजबुजले, "पाण्याच्या तापमानाची. ती बघा, ती." तुम्ही ती उपसलीत आणि साळसूद चेहरा करून बाजूला उभे राहिलात. मी पदरात हसत होते. त्या क्षणी आपण सासरा-सून नव्हतो, शाळेतली दोन खोडकर पोरं होतो.

सुटकेसमधल्या यंत्रानं ती गाडी ओळखलीच नाही. दुसरं, सगळ्यात स्वस्त, त्यानं एक आकडा दाखवला आणि गप्प बसलं. "म्होरं काय?" तुम्ही विचारलंत. पुढचं पुस्तकात बघायचं, आणि पुस्तक वेगळं मागवायचं. तिसरं विटेएवढं, दोन ओळींचा पडदा, किंमतही मधली. त्यानं आकड्याबरोबर सेन्सरचं नाव सांगितलं. मी बटण दाबलं तसे चालू इंजिनाचे आकडे पडद्यावर हलायला लागले, आणि तापमानापुढं आलं, उणे चाळीस. भर एप्रिल, बाहेर डांबर वितळतंय. मी वाचून दाखवताच तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "आयला! सांगलीत बरफ पडलं की गं!" दुकानदार बावचळला. तुम्ही पिन पुन्हा बसवलीत, तेव्हा कुठं त्याला कळलं आणि तोही पोट धरून हसला. मग तुम्ही इंजिनाच्या पाइपवर तळहात ठेवलात. मी आकडे वाचतेय, तुमच्या हाताला ऊब लागतेय. मी म्हणते, "चढतंय," तुम्ही म्हणता, "व्हय, चढतंय." रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. "ह्येच बांधा," तुम्ही म्हणालात. "ह्याचं बोलनं आमाला कळतंय."

आठवड्याभरात डॉक्टरांची गाडी पुन्हा आली. पुण्याहून येऊनही तेच झटके. मी पहिल्यांदा सगळ्यांदेखत गॅरेजात आले, ड्रायव्हरच्या जागी बसले, स्कॅनर जोडला. थ्रॉटलचा, म्हणजे पेडल किती दाबलं ते कळवणारा सेन्सर, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, सेन्सर बदलायला हवा. तुम्ही म्हणालात, "थांब. त्यो खोटं बोलतोय, का त्याचा निरोपच पोचंना?" आणि सेन्सरपासून निघालेल्या वायरीवरून सावकाश हात फिरवत निघालात. पडद्यावरचा आकडा एकदम उडाला. "मामंजी, तिथंच! तिथंच!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. पत्र्याच्या कडेवर घासून वायर आतून तुटत आली होती. ती जोडली, टेप गुंडाळली, किल्ली फिरवली. इंजिन असं एकसारखं चालायला लागलं की तुम्ही डोळे मिटून ऐकत राहिलात. डॉक्टर तुमचा हात हातात घ्यायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "निम्मं काम सूनबाईचं हाय." घरी येऊन सासूबाईंना सांगितलंत, "उद्यापास्नं भाकरीचं दुसरं काय तरी बघ. ही गॅरेजात येनार." त्या म्हणाल्या, "आवं, मग तुमीच थापा की!" आणि सगळ्यात आधी त्याच हसल्या. गोडाऊनचा विषय पुन्हा निघाला नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही. सांगलीला निघताना माझ्या मनात दुसरंही काम होतं. माझ्या जुन्या कॉलेजात शिकवायची जागा निघाली होती, सरांचा निरोप माहेरी आला होता. दुकानातलं आटोपलं की काही निमित्त काढून तिथं होकार कळवायचा आणि मग घरी विषय काढायचा, असं मी पक्कं ठरवलं होतं. दुकानातून बाहेर पडल्यावर तुम्ही विचारलंतही, "तुझं आनखी काय काम हाय का हितं?" स्कॅनरचा खोका माझ्या हातात होता. रेल्वेला वेळ होता, कॉलेज जवळच होतं. मी म्हटलं, "नाही, चला."

तुम्हाला वाटलं असेल, सून सासऱ्याला ताटकळत ठेवायला नको म्हणाली. तसं काही नव्हतं, मामंजी. मला घरी जाऊन तो स्कॅनर दुसऱ्या गाडीला लावून बघायची घाई झाली होती.